काकू, ट्रिगर झटकताय!

पन्नाशी जवळ आली की माणसं योगासनं सुरू करतात, हार्मोनियम काढतात, नाहीतर हिमालयात ट्रेकला जातात. मी दहा मीटर एअर पिस्तूल हातात धरलं. कारण मुळीच उदात्त नाही. ऑफिसातून घरी जायच्या वाटेवर एका इमारतीच्या तळघरात रेंज होती आणि त्या वेळी पुण्याचा रस्ता हलत नसे. तासभर गाडीत बसण्यापेक्षा तिथे उभं राहणं बरं, इतकाच विचार. मग एक दिवस सरांनी (सर माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, पण रेंजवर सर ते सर) जिल्ह्याच्या मॅचच्या यादीत माझं नाव घातलं. “मास्टर्स गटात महिला मिळतच नाहीत, मॅडम,” एवढं स्पष्टीकरण त्यांना पुरेसं वाटलं. त्या मॅचच्या तयारीत जे कळलं ते सांगते. शिकवण्याचा माझा अधिकार शून्य आहे, हे वाचता वाचता कळेलच.

१. हात हलतो आणि हलायचा थांबत नाही. हे स्वीकारायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नेमबाज म्हणजे श्वास रोखून पुतळा झालेला माणूस, ही माझी सिनेमातली समजूत. प्रत्यक्षात साधारण किलोभर वजनाचं पिस्तूल एकाच हातात, हात खांद्यापासून सरळ पुढे, दुसऱ्या हाताचा आधार नाही, कुठे टेकणं नाही. श्वास आहे, नाडी आहे, खांदा आहे. तो हात दोरीवरच्या ओल्या साडीसारखा कायम थोडा थोडा डोलत असतो. मला वाटायचं, वर्षभरात हे थांबेल. सर म्हणाले, राष्ट्रीय पातळीवरच्या मुलांचाही हलतो, फक्त कमी जागेत.

खरी मेख पुढे आहे. हलण्याने फार नुकसान होत नाही. नवाचं वर्तुळ साडेसत्तावीस मिलिमीटरचं, आठाचं साडेत्रेचाळीस. माझ्यासारख्या नवशिकीचाही हात बराच वेळ तेवढ्यात फिरत असतो. नुकसान होतं ते “आत्ता! आत्ता मधोमध आलं!” म्हणून बोटाने घाई केली की. मग अख्खं मनगट त्या बोटाच्या मदतीला धावतं आणि उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी डावीकडे खाली पाचात जाऊन बसते. शेजारच्या लेनमधल्या आठवीतल्या मुलाने माझा कागद लांबूनच पाहिला, डावीकडे खाली जमलेली भोकं पाहिली आणि डॉक्टरच्या गांभीर्याने म्हणाला, “काकू, ट्रिगर झटकताय.” तो बरोबर होता. उपाय एकच: हात हलू द्यायचा आणि तो हलत असतानाच बोट सावकाश, न थांबता मागे आणत राहायचं. गोळी कधी सुटेल हे आपल्यालाही नेमकं ठाऊक नसावं म्हणतात. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची तारीख ठरवून वागलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे जरा जास्तच होतं.

२. नेम धरायचा म्हणजे लक्ष्याकडे बघायचं नाही. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि पुढे एक पातं. पातं खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत. नजर त्या पात्यावर. समोरचं लक्ष्य धूसर दिसलं पाहिजे. स्वच्छ दिसायला लागलं तर समजायचं, नजर पळाली.

मी हिशेबाच्या खात्यातली, त्यामुळे मला यातलं गणित आधी पटलं. खाच आणि पातं यांच्यात साधारण तेहतीस सेंटिमीटर अंतर. सगळा हातच एक मिलिमीटर बाजूला सरकला तर दहा मीटरवर गोळीही एक मिलिमीटरच सरकते. पण खाचेतलं पातं एक मिलिमीटर चुकलं, तर तिथे ती चूक तीसपट होते. म्हणजे तीन सेंटिमीटर, म्हणजे दहाऐवजी सात. एवढ्याशा चुकीवर इतकं व्याज कुठलीच बँक लावत नाही. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्म्याएवढं, आणि तेच पाहायची मनाई! गणित एका संध्याकाळी पटलं. डोळ्याला पटायला कितीतरी महिने गेले. डोळा चोरून लक्ष्याकडे जातो, कारण त्याला निकालाची घाई असते.

त्यातून आणखी एक गंमत. आम्ही काळ्या गोलाच्या मधोमध नेम धरतच नाही. त्याच्या खाली, पांढऱ्यात धरतो. काळं पातं पांढऱ्यावर नीट दिसतं म्हणून. साइट अशी बसवलेली असते की गोळी तिथून वर दहात जाते. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा कुणीतरी आपली थट्टा करतंय असं वाटलं होतं.

३. चाळिशीचा चष्मा हा पिस्तुलापेक्षा मोठा खर्चाचा आणि वादाचा विषय निघाला. माझा प्रोग्रेसिव्ह. मान जरा वाकली की काचेचा दुसराच भाग डोळ्यासमोर येतो आणि पातं विरघळतं. चष्म्याच्या दुकानात जाऊन सांगितलं, मला हातापेक्षा थोडं लांबचं स्वच्छ दिसायला हवं; लांबचं नको, वाचायचंही नको. दुकानदाराने विचारलं, कॉम्प्युटरसाठी? म्हटलं, त्याहून लांब. टीव्हीसाठी? म्हटलं, त्याहून जवळ. “तुम्ही नक्की करता काय?” पिस्तूल आणून दाखवू का म्हटल्यावर त्याने नम्रपणे नकार दिला. शेवटी फुटपट्टी घेऊन त्याच्या काउंटरसमोर हात ताणून उभी राहिले आणि नवऱ्याने डोळ्यापासूनचं अंतर मोजलं. लांबच्या नंबरात किंचित अधिक मिळवून एकच काच बनवली. पुढचं पातं पहिल्यांदा धारदार दिसलं त्या दिवशी मला वाटलं, आजवर मी अंदाजपंचे पिस्तूल उडवत होते.

दुसरा डोळा मिटायचा नसतो, हेही तेव्हाच कळलं. मिटला की चेहरा ताणतो आणि उघड्या डोळ्यालाही त्रास होतो. त्याच्यापुढे एक छोटी पट्टी लावतात. तीही किती रुंद असावी याचा नियम आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच आठवतो ना, साधा चष्मा, टी-शर्ट, एक हात खिशात, पन्नाशी ओलांडलेला? त्याला मिश्र सांघिक गटात रौप्य मिळालं. त्याच प्रकारात आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगने ब्राँझ मिळवलं. घरच्यांनी मला तो फोटो इतक्या वेळा पाठवला की शेवटी सांगावं लागलं: खिशातल्या हातात नवल काही नाही. आम्ही सगळेच तो हात खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतो, म्हणजे तो मध्ये मध्ये करत नाही. बाकी त्याचं जे आहे ते कित्येक वर्षांच्या सरावाचं आहे, आणि ते फोटोत येत नाही.

४. पिस्तूल न चालवणं शिकायला चालवण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. मॅच साठ गोळ्यांची. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर पंच्याहत्तर मिनिटं. भागाकार सोपा आहे: एका गोळीला पंच्याहत्तर सेकंद. हात वर गेला, पातं स्थिरावलं, की चांगली गोळी पुढच्या सहा-आठ सेकंदांत सुटते. त्यानंतर खांदा कुरकुरू लागतो, नजरेत जुनंच चित्र गोठून राहतं, आणि आपण जे पाहतोय असं वाटतं ते खरं तर संपलेलं असतं. अशा वेळी काय करायचं? हात खाली घ्यायचा. टेबलावर टेकवायचा. श्वास घ्यायचा. पुन्हा.

वाचायला किती सोपं! हात खाली घेताना मला अक्षरशः लाज वाटायची. एवढा उचलला, एवढं सगळं जुळवलं, आता सोडून द्यायचं? ऑफिसात मी इतरांना ‘बुडीत खर्च’ समजावून सांगते: जे गेलं ते गेलं, त्याच्यासाठी पुढचे पैसे घालू नका. स्वतःच्या खांद्याच्या बाबतीत मात्र मी बुडीत खर्चाच्या मागे एकेक गुण घालत होते. सर मग एक खेळ खेळवत. गोळी भरायची, हात उचलायचा, सगळं नीट जुळलं तरी सोडायची नाही, खाली. असं लागोपाठ. रेंजवरच्या शाळकरी मुलांना तो खेळ कंटाळवाणा वाटायचा. मला त्यातून असं काही सापडलं जे नोकरीत, संसारात कुणी दिलं नव्हतं: चालू केलेली गोष्ट कुणालाही कारण न देता मध्येच थांबवण्याची परवानगी. सासरच्या लग्नसमारंभांत ती वापरून पाहिली. तिथे चालत नाही.

५. घरच्या कोऱ्या भिंतीने मला रेंजपेक्षा जास्त शिकवलं. ड्राय प्रॅक्टिस म्हणजे पेलेट नाही, हवा सुटत नाही, फक्त ट्रिगरची हलकीशी टिक. समोर भोक नाही म्हणून स्वतःला फसवायची सोय नाही. टिक झाली तेव्हा पातं हललं की नाही एवढंच दिसतं. पडदे ओढून घेते, कारण समोरच्या बिल्डिंगमधल्यांना समजावत बसायला वेळ नाही. कामाच्या मावशी पहिल्या दिवशी दारातच थबकल्या; आता “ताई, तुमचं उडवून झालं की सांगा, फरशी पुसायची आहे,” म्हणतात. आई सोफ्यावर बसून जप करते आणि मध्येच विचारते, “लागला का गं?” कशाला लागणार, आई, भिंत आहे. “मग इतका वेळ कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, सरावाच्या दर आठवड्यात तो मलाही पडतो.

एक सावधगिरी. मॅच सुरू झाल्यावर ड्रायचं बटण नीट बसलंय का ते पाहा. पेलेट न घालता नुसती हवा सुटली तरी ती गोळी शून्य धरतात.

६. सरावातला स्कोअर हा बराचसा गोड गैरसमज असतो. आमच्या तळघरात कागदी टार्गेटं. दहा गोळ्या चांगल्या गेल्या की कागद जपून ठेवायचा, चहाला जायचं; वाईट गेल्या तर “हात तापला नव्हता” म्हणून तो कागद डब्यात. अशा निवडक कागदांवरून मी स्वतःची पातळी ठरवली होती. मॅचच्या आधी सरांनी सलग साठ, घड्याळ लावून, मध्ये चहा नाही असं करायला लावलं, तेव्हा कळलं की पहिल्या तीस गोळ्या मारणारी बाई आणि शेवटच्या वीस मारणारी बाई या दोन वेगळ्या बायका आहेत. दुसरीला खांदा आहे, कंबर आहे, आणि संध्याकाळच्या भाजीचा विचार आहे. तयारी त्या दुसरीची करायची असते.

घरी एकदा ५१८ सांगितले. सहाशेपैकी. आईने लगेच मनात हिशेब केला: शहाऐंशी टक्के, म्हणजे डिस्टिंक्शन. शेजारी पेढे वाटायच्या आत तिला समजावून सांगावं लागलं की या खेळात शहाऐंशी टक्क्यांना कुणी विचारत नाही. मनू भाकरला टोकियो ऑलिंपिकमध्ये ५७५ मिळाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. आईचा चेहरा पाहून वाटलं, हे सांगायला नको होतं.

७. नियम पुस्तकात वाचताना विनोदी वाटतात, टेबलापलीकडे बसलेल्या पंचासमोर वाटत नाहीत. पिस्तूल ४२ × २० × ५ सेंटिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन लटकवून पिस्तूल उचलतात. वजन सुटलं तर ट्रिगर फार हलका, परत जाऊन घट्ट करून या. बूट घोट्याच्या खाली. हवेच्या सिलिंडरवर तारीख असते आणि दहा वर्षांनी तो बाद होतो. क्लबचं पिस्तूल वापरत असाल तर ही तारीख स्वतः पाहा. पिस्तूल खाली ठेवलं की नळीत सेफ्टी फ्लॅग.

आणि पिस्तूल धरणाऱ्या हातात घड्याळ, कडं, बांगडी काही चालत नाही, कारण मनगटाला आधार मिळतो. आईने याला आक्षेप घेतला. उजवा हात मोकळा ठेवायचा म्हणजे काय? डाव्या हातात दुप्पट घालीन म्हटल्यावर तहाच्या अटी मान्य झाल्या.

आपल्याच टार्गेटवर मारायचं, हा नियम लिहावासुद्धा कशाला लागतो, असं मला वाटलं होतं. मग सरांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. अमेरिकेचा मॅट एमन्स, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन, अंतिम फेरीत पुढे, शेवटची एकच गोळी बाकी. ती त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारली. शून्य. सुवर्ण गेलं, आठव्या क्रमांकावर आला. तेव्हापासून मी हात उचलण्याआधी लेनचा आकडा वाचते. तळघरात चारच लेन असतानाही वाचते. मुलं हसतात.

८. वय हा इथे गुण नाही आणि अवगुणही नाही, पण ते विसरायला कुणी देत नाही. रेंजवर माझ्या दोन्ही बाजूंना शाळकरी मुलं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पालेम्बांगला पंचवीस मीटर पिस्तुलात शूट-ऑफ खेळून सुवर्ण जिंकलं, ते या मुलांच्या लहानपणीचं. स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझ मात्र त्यांना काल घडल्यासारखं पाठ आहे. त्यांच्या तोंडी कायम “यंदा मावळंकर खेळणार का?” असतं. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची ती स्पर्धा. मावळंकर कोण, हे विचारलं तर एकाने “जुने शूटर असतील” असं सांगितलं. मी मग संधी साधली. दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने आणि पहिले अध्यक्षही तेच. मूळ घराणं रत्नागिरीकडचं. पोरांनी आदराने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “काकू, तुमचा होल्ड का पडतोय?”

त्यांच्याकडून मी शिकले ते तंत्राच्या पलीकडचं आहे. वाईट गोळीनंतर ती मुलं नुसती पुढची भरतात. मी वाईट गोळीनंतर तिच्याशी बोलते, तिची कारणं शोधते, तिच्या आईवडिलांची चौकशी करते. कॉरिडॉरमध्ये बसलेले त्यांचे पालक मात्र माझ्या जातीचे. काचेतून स्कोअर बघतात, मनात बेरीज करतात, आणि बाहेर आलेल्या पोराला पाण्याच्या आधी “आठ कसा गेला?” विचारतात. त्यांना मी काही बोलत नाही. माझा मुलगा दहावीला असताना मी कुठे वेगळी होते?

९. सकाळचा चहा सोडू नये, वाढवूही नये. मॅच आहे म्हणून कुणी कॉफी बंद करतं, कुणी उपास धरतं, कुणी केळ्यांचा घड खातं. रोज जे पोटात जातं तेच, थोडं कमी. मी पोहे खाल्ले.

१०. इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा पडदा हा माझ्यासारखीचा वैरी. आमच्याकडे कागद, मोटर लावून जवळ आणेपर्यंत नक्की काय झालं ते दिसत नाही. बालेवाडीच्या रेंजवर गोळी सुटताक्षणी शेजारच्या छोट्या पडद्यावर ठिपका आणि आकडा. हिशेबाच्या बाईसमोर चालू बेरीज ठेवणं आणि तिला “बघू नकोस” म्हणणं! मॅचच्या आधी एकदा सरावाला तिथे गेले ते बरं झालं. चौथ्या गोळीपासून मी सरासरी काढू लागले होते, सातवीपासून शेवटचा अंदाज बांधू लागले होते, आणि दहावीला पिस्तूल उचललंय हेच विसरले होते.

मग एक सवय लावून घेतली. पडदा पाहायच्या आधी मनातल्या मनात सांगायचं की गोळी कुठे गेली. डावीकडे, आठ. मग पाहायचं. जुळलं तर आठसुद्धा चांगला, कारण आपल्याला माहीत होतं. दहा आला आणि आपण सांगितलेला नव्हता, तर तो दहा उधारीचा. गुणांऐवजी हे जुळवणं मोजायला लागल्यावर डोक्यातल्या बेरजेला दुसरं काम मिळालं. ती बंद होत नाही, हे एव्हाना मान्य केलंय.

११. भीती येते ती अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी. मला वाटलं होतं, आदल्या रात्री झोप लागणार नाही. छान लागली. रेंजवर पोचेपर्यंतही ठीक होतं. सुरुवातीची पंधरा मिनिटं तयारीची आणि साइटिंगची असतात, हव्या तेवढ्या गोळ्या मारा, गुण नाहीत. त्यात माझं इतकं छान चाललं होतं की शेजारची मुलगी वाकून बघत होती. मग घोषणा झाली, “मॅच फायरिंग, स्टार्ट.” हात तोच, पिस्तूल तेच, टार्गेट तेच. फक्त आता मोजणार होते. तोंड कोरडं पडलं आणि नाडी थेट पात्याच्या टोकावर दिसायला लागली. कल्पना करून सांगत नाहीये; पातं खरंच ठोक्याबरोबर उडत होतं.

उपयोगी पडली ती एकच गोष्ट, आणि ती शौर्याची नव्हती. गोळी कशी मारायची याची पायऱ्यांची यादी मी कागदावर लिहून टेबलावर ठेवली होती. पाय. श्वास. लेनचा आकडा. वर. खाली येत स्थिर. पातं. बोट. थांब. सुटल्यावर दोन क्षण तसंच. बायका सणाच्या आदल्या दिवशी सामानाची यादी करतात तशीच ती दिसत होती. पहिली गोळी मारण्याआधी हात पुन्हा पुन्हा खाली घेतला. घड्याळाकडे पाहिलं नाही. पंच्याहत्तर मिनिटांत तेवढ्याची सोय असते.

मनू भाकरचा टोकियोतला प्रसंग मला तेव्हा वेगळा दिसला. पात्रता फेरी सुरू असताना तिच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बिघडला, दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, आणि परत येऊन उरलेल्या गोळ्या तिने घाईघाईत मारल्या. बाराव्या क्रमांकावर आली. टीव्हीवर पाहताना मी “अरेरे” म्हटलं होतं. आता कळतं की घड्याळ पुढे पळत असताना हात खाली घेऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करणं किती कठीण असेल. तीन वर्षांनी पॅरिसला तीच मुलगी दोन ब्राँझ घेऊन आली; ते परत उभं राहणं मला त्या पदकांपेक्षाही अवघड वाटतं.

१२. निकालाबद्दल. सरावाच्या सरासरीपेक्षा थोडा कमी स्कोअर झाला, आणि पहिल्या मॅचला तसंच होतं असं सगळे म्हणतात. आमच्या गटात जेवढी पदकं होती साधारण तेवढ्याच बायका होत्या, त्यामुळे पदकही मिळालं. आईने ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय. तपशील मी तिला सांगितलेला नाही. आठवीतला तो मुलगा मात्र पडद्यावरच्या साठ ठिपक्यांचा फोटो बघून म्हणाला, “डावीकडे खाली कमी झाल्यात, काकू.” त्या दिवशी मिळालेल्या दोन्ही गोष्टींपैकी मी कुठली कपाटात ठेवली असती, हे सांगायला नको.

तुमच्या जिल्ह्यात मॅच असेल तर नाव द्या. प्रवेशाची शेवटची तारीख पाळा, कारण ती पुढे ढकलत नाहीत. पिस्तूल क्लबचं असेल तर त्या दिवशी तेच मिळेल याची आधी खात्री करून घ्या. दुसऱ्याच्या हाताला बसवलेली ग्रिप ऐन वेळी आपल्या हाताला बसत नाही. सेफ्टी फ्लॅग दोन न्या, एक हरवतो. आणि महिलांनो, मास्टर्स गटात अजून भरपूर लेन रिकाम्या आहेत.